कनेक्ट केलं की वर्कबेंच गायब होतं? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी हे करून बघा

"मॅडम, वर्कबेंच उघडतं. पण कनेक्शनवर क्लिक केलं, पासवर्ड टाकला, की स्क्रीन पांढरी पडते आणि सगळं गायब."

दर वर्षी जुलै-ऑगस्टात, दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा डेटाबेसचा विषय सुरू झाला की, हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. वर्कबेंच म्हणजे मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरला जोडून क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञा, लिहायचा प्रोग्राम. मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते. लॅबमधली मशीन्स माझ्याकडे आहेत. मुलांचे लॅपटॉप माझ्याकडे नाहीत, पण ते ओघाने येतातच. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "तीन वेळा अनइन्स्टॉल करून परत टाकलं, तरी तेच."

तरी तेच होणार. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे. मायएसक्यूएल वर्कबेंच हा प्रोग्राम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये बसतो, पण त्याची कनेक्शनं, सेटिंग, अर्धवट लिहिलेल्या क्वेऱ्या, मागच्या वेळी उघड्या राहिलेल्या टॅब हे सगळं सामान तुमच्या यूजर फोल्डरमध्ये वेगळ्या ठिकाणी राहतं. अनइन्स्टॉल केलं की प्रोग्राम जातो, सामान तिथेच राहतं. नवा प्रोग्राम येऊन तेच सामान उघडतो आणि त्याच जागी आपटतो.

हा लेख विंडोज १० आणि ११, मायएसक्यूएल सर्व्हर ८.० आणि वर्कबेंच ८.० धरून लिहिलाय, कारण लॅपटॉपवर बहुधा हीच जोडी सापडते. लिनक्सवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे. फाइलींची नावं आणि कमांड मी मुलांना फोनवर सांगते तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. स्क्रीनवर त्या रोमन अक्षरांत दिसतील आणि टाइपही रोमनमध्येच करायच्या.

सुरू करण्याआधी हाताशी असू द्या

- डेटाबेसच्या रूट यूजरचा, म्हणजे सगळे हक्क असलेल्या मुख्य यूजरचा पासवर्ड. विंडोजचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा. दोन्ही एकच समजणारे दर बॅचला एक-दोन निघतात.
- लॅपटॉपवर ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क
- एक रिकामा पेन ड्राइव्ह, बॅकअपसाठी
- नोटपॅड
- कागद आणि पेन. कोणत्या पायरीला काय बदललं ते लिहून ठेवायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर कशामुळे चालू झालं ते कळत नाही.

१. पडतंय की नकार देतंय, हे आधी ठरवा

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि मुलं दोन्हीला 'क्रॅश' म्हणतात. वर्कबेंच जिवंत राहून चौकट दाखवत असेल, तर तो क्रॅश नाही. सर्व्हरने तुम्हाला दारातून परत पाठवलंय. चौकटीतला आकडा वाचा.

१०४५ म्हणजे यूजरचं नाव किंवा पासवर्ड चुकला. २००३, आणि सोबत १००६१, म्हणजे त्या पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकायला कुणी नाही. सर्व्हर बंद आहे किंवा दुसऱ्या पोर्टवर आहे. २०५९ म्हणजे सर्व्हर ज्या पद्धतीने पासवर्ड तपासतो ती पद्धत तुमच्या क्लायंटला, म्हणजे सर्व्हरला जोडणाऱ्या प्रोग्रामला, येत नाही. त्याबद्दल आठव्या पायरीत.

चौकट न येता खिडकीच नाहीशी होत असेल, किंवा वरच्या पट्टीत 'नॉट रिस्पॉन्डिंग' येऊन काही वेळाने बंद पडत असेल, तर तो खरा क्रॅश.

२. वर्कबेंच बाजूला ठेवून सर्व्हरशी बोला

विंडोजचं बटण आणि आर दाबा, सर्व्हिसेस डॉट एमएससी लिहा. यादीत मायएसक्यूएल८० शोधा आणि समोर 'रनिंग' आहे का बघा. नसेल तर राइट क्लिक करून 'स्टार्ट'.

आता कमांड प्रॉम्प्ट उघडा. कमांड अशी, प्रत्येक स्वल्पविरामाच्या जागी एक स्पेस: मायएसक्यूएल, डॅश छोटा एच, १२७.०.०.१, डॅश मोठा पी, ३३०६, डॅश छोटा यू, रूट, डॅश छोटा पी. डॅश आणि अक्षर यांच्यामध्ये जागा नाही. एंटर मारा, मग तो पासवर्ड विचारेल.

इथे तीन ठिकाणी पाय अडकतो. मोठा पी पोर्टसाठी, छोटा पासवर्डसाठी. छोट्या पीनंतर जागा सोडून पासवर्ड लिहिला, तर तो त्याला डेटाबेसचं नाव समजतो आणि पासवर्ड पुन्हा विचारतो. आणि 'मायएसक्यूएल ही कमांड ओळखता येत नाही' असं आलं, तर घाबरू नका. विंडोजला तिचा पत्ता माहीत नाही इतकंच. प्रोग्राम फाइल्स, मायएसक्यूएल, मायएसक्यूएल सर्व्हर ८.०, बिन या फोल्डरात जा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी लिहून एंटर मारा आणि तिथून कमांड द्या.

आत शिरल्यावर लिहा: सिलेक्ट व्हर्जन, उघडा-बंद कंस, अर्धविराम. अर्धविराम विसरलात तर नुसता बाण येऊन थांबतो. काही लटकलेलं नसतं, तो तुमच्या अर्धविरामाची वाट बघत असतो.

उत्तरात आवृत्ती आली म्हणजे सर्व्हर आणि पासवर्ड ठणठणीत आहेत. इथून पुढे सर्व्हरला हात लावायचा नाही. दोष वर्कबेंचच्या बाजूला आहे, हे कागदावर लिहा.

फक्त त्या उत्तरात 'मारियाडीबी' हा शब्द आहे का ते बघा. असेल तर पुढची पायरी तुमच्यासाठीच आहे.

३. ३३०६ वर कोण बसलंय?

ज्यांनी आधी पीएचपी शिकण्यासाठी झॅम्प (वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) टाकलं आणि मग डेटाबेसच्या विषयासाठी मायएसक्यूएल टाकलं, त्यांच्या लॅपटॉपवर दोन सर्व्हर नांदत असतात. झॅम्पच्या पॅनेलवर 'मायएसक्यूएल' असंच लिहिलेलं असतं, पण आत २०१५ पासून मारियाडीबी आहे.

या दोघी खरोखरच बहिणी. मायएसक्यूएलच्या जनकांपैकी एक माँटी विडेनियस यांनी त्याला थोरल्या मुलीचं नाव दिलं, माय. आपल्या मायमराठीतली माय नव्हे. पुढे २००८ मध्ये मायएसक्यूएल सन कंपनीकडे गेलं आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे. त्या उलथापालथीत विडेनियस यांनी त्याच कोडवरून वेगळी चूल मांडली आणि तिला धाकट्या मुलीचं नाव दिलं, मारिया. सुरुवातीला दोघी हुबेहूब होत्या, आता स्वभाव बराच बदललाय. वर्कबेंच हे थोरलीच्या घरचं आहे. धाकटीचं बोलणं त्याला पूर्ण समजत नाही.

कनेक्ट करताना 'विसंगत किंवा अप्रमाणित सर्व्हर आवृत्ती' अशा अर्थाची इंग्रजी सूचना येते आणि खाली 'कंटिन्यू एनीवे' असं बटण असतं, ती हीच गोष्ट. मुलं न वाचता बटण दाबतात. साध्या क्वेऱ्या कधी चालतातही, मग सर्व्हर स्टेटस किंवा यूजर्सची यादी उघडायला गेलं की वर्कबेंच कोलमडतं.

कोण बसलंय हे बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये लिहा: नेटस्टॅट, डॅश एएनओ, उभी रेघ, फाइंडस्ट्र, ३३०६. ज्या ओळीत 'लिसनिंग' आहे तिचा शेवटचा आकडा टिपा. टास्क मॅनेजरमध्ये 'डिटेल्स' टॅबवर तोच आकडा पीआयडीच्या रकान्यात शोधा, राइट क्लिक, 'ओपन फाइल लोकेशन'. झॅम्पचा फोल्डर उघडला तर धाकटी, मायएसक्यूएल सर्व्हरचा उघडला तर थोरली. नुसत्या फाइलच्या नावावर जाऊ नका, झॅम्पमध्येही ते मायएसक्यूएलडी असंच असतं. यादीत ३३०६० अशीही एक ओळ दिसेल. तो त्याच मायएसक्यूएलचा दुसरा दरवाजा आहे, तिसरा कुणी घुसलेला नाही.

उपाय सोपा आहे. झॅम्पच्या पॅनेलवरून तिथलं मायएसक्यूएल थांबवा, मग सर्व्हिसेसमधून मायएसक्यूएल८० सुरू करा. दोन्ही एकाच वेळी लागत असतील तर एकाचा पोर्ट ३३०७ करा. आणि काम मारियाडीबीवरच करायचं असेल, तर वर्कबेंचचा हट्ट सोडा. हायडीएसक्यूएल किंवा डीबीव्हरची कम्युनिटी आवृत्ती वापरा. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही बहिणींशी नीट बोलतात.

४. पडण्याआधी शेवटचं काय बोलला ते वाचा

विंडोज आणि आर दाबून लिहा: टक्केचिन्ह, ॲपडेटा, टक्केचिन्ह. फोल्डर उघडेल, त्यात मायएसक्यूएल, त्यात वर्कबेंच, त्यात लॉग. डब्ल्यूबी डॉट लॉग ही फाइल, म्हणजे वर्कबेंचची रोजनिशी, नोटपॅडमध्ये उघडा आणि थेट तळाशी जा. वरचं वाचत बसू नका. त्यात ग्राफिक्सपासून पायथनपर्यंत सगळ्याची हजेरी असते. ओळीच्या सुरुवातीला वेळ असते. पडलं त्या वेळेच्या आसपास चौकटी कंसात ईआरआर लिहिलेल्या ओळी शोधा आणि शेवटच्या वीसेक ओळी वेगळ्या फाइलीत चिकटवून ठेवा. वर्कबेंच पुन्हा उघडलं की नवी लॉग फाइल सुरू होते, जुनीच्या नावात १, २ असे आकडे येतात. त्यामुळे क्रॅशनंतर दोनदा उघडून बघितलं असेल तर योग्य फाइल ती आकड्याची.

लॉग मध्येच तुटलेला असेल, तर विंडोजला विचारा. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' लिहा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. पडलं त्या दिवसाखाली लाल फुली असते. तिच्यावर क्लिक करून तांत्रिक तपशील उघडले की 'फॉल्ट मॉड्यूल नेम' ही ओळ मिळते. सोबतचा एक्सेप्शन कोड बहुतेक वेळा सी००००००५ ने संपतो. अर्थ एवढाच की प्रोग्रामने आपल्या हक्काबाहेरच्या मेमरीला हात लावला. तो कोड गूगल करून हाती काही लागत नाही, कारण जगातले निम्मे क्रॅश त्याच कोडचे असतात. कामाचं आहे ते मॉड्यूलचं नाव. ते एमएसव्हीसीपी१४० किंवा व्हीसीरनटाइम१४० असेल तर सातवी पायरी. एनव्हीओजीएल, एटीआयओ किंवा आयजीने सुरू होणारं काही असेल तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, तीही सातवीच. वर्कबेंचचंच काही नाव असेल तर पुढे वाचा.

५. जुन्या टॅबचं भूत

माझ्या टेबलावर येणाऱ्या लॅपटॉपांत हे कारण सर्वांत जास्त सापडतं, आणि ते शोधायचं कुणाला सुचत नाही.

वर्कबेंच बंद करताना तुमच्या उघड्या टॅब तशाच जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी त्याच कनेक्शनवर क्लिक केलं की परत मांडतं. सोय चांगली आहे. पण गेल्या वर्षी एका मुलाने कुठूनशी मिळालेली इन्सर्टची भलीमोठी फाइल, काही लाख ओळींची, कॉपी करून टॅबमध्ये चिकटवली. वर्कबेंच तिथेच गुदमरलं. त्याने ते टास्क मॅनेजरमधून मारलं. तोवर ऑटोसेव्हने आपलं काम चोख केलेलं होतं. मग त्याने पुन्हा कनेक्ट केलं, वर्कबेंचने इमानदारीने तीच फाइल टॅबमध्ये मांडायला घेतली, आणि पुन्हा गुदमरलं. चार दिवस तो हेच करत होता. मधल्या काळात दोनदा इन्स्टॉल झालं, मायएसक्यूएलची आवृत्ती बदलून झाली, विंडोज अपडेट झालं.

ओळखायची खूण: एकाच कनेक्शनवर पडतं, दुसऱ्या नावाने नवं कनेक्शन केलं तर चालतं. सर्व्हर तोच, यूजर तोच, फक्त नाव वेगळं. हे करून बघायला एक मिनिट लागतं, तेव्हा आधी हेच करा. फक्त 'टेस्ट कनेक्शन' यशस्वी झालं म्हणून समाधान मानू नका. ती चाचणी एसक्यूएल एडिटर उघडतच नाही.

उपाय:

- वर्कबेंच पूर्ण बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये त्याचं नाव उरलेलं नाही ना, बघा.
- वर सांगितलेल्या वर्कबेंच फोल्डरात एसक्यूएल अंडरस्कोर वर्कस्पेसेस नावाचा फोल्डर आहे. आत प्रत्येक कनेक्शनच्या नावाचे उपफोल्डर असतात, शेवटी ऑटोसेव्ह किंवा वर्कस्पेस लिहिलेले.
- तुमच्या कनेक्शनचा उपफोल्डर कापून डेस्कटॉपवर नेऊन ठेवा. डिलीट करू नका.
- वर्कबेंच उघडा, कनेक्ट करा.

डिलीट करू नका म्हणते त्याचं कारण आहे. त्या उपफोल्डरात स्क्रॅच असा शेवट असलेल्या फाइली असतात. त्या म्हणजे तुमच्या सेव्ह न केलेल्या क्वेऱ्या, साध्या मजकुराच्या रूपात. नोटपॅडमध्ये उघडतात. त्या मुलाच्या फोल्डरात एक अवाढव्य फाइल होती, तिच्याशेजारी दोन-तीन केबीच्या पाच. त्या पाचांत त्याचं अख्खं जर्नलचं काम होतं, आणि तो ते परत लिहायला बसणार होता.

शेजारीच कॅश नावाचा फोल्डर आहे. टाइप करताना टेबलांची नावं सुचवली जातात त्याची ती साठवण. तीही कधीकधी बिघडते. तिच्यातलं सगळं बिनधास्त काढा, ती नव्याने तयार होते.

मोठी एसक्यूएल फाइल चालवायची असेल तर टॅबमध्ये उघडायचीच नाही. दुसऱ्या पायरीप्रमाणे कमांड प्रॉम्प्टमधून आत शिरा, डेटाबेस निवडा, मग सोर्स, जागा, फाइलचा पूर्ण पत्ता. पत्त्यात उलट्या तिरप्या रेघांऐवजी सरळ तिरप्या रेघा वापरा. बाणाचं चिन्ह वापरून फाइल आत ढकलायची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिलेली असते. ती कमांड प्रॉम्प्टमध्ये चालते, पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या कमांडच्या खिडकीत चालत नाही.

६. सगळं सामान बाजूला ठेवून बघा

नव्या नावाचं कनेक्शनही पडत असेल, तर दोष एका टॅबचा नाही, सेटिंगच्या फाइलींचा असू शकतो. वर्कबेंच बंद करून ॲपडेटामधल्या वर्कबेंच या आख्ख्या फोल्डरचं नाव बदला, वर्कबेंच-जुना करा. आता उघडलं की ते कोऱ्या पाटीने सुरू होईल. कनेक्शनं दिसणार नाहीत. दचकू नका, डेटाबेस सर्व्हरमध्ये सुखरूप आहेत.

कोऱ्या पाटीवर चाललं, तर जुन्या फोल्डरातून फक्त कनेक्शन्स डॉट एक्सएमएल ही फाइल नव्यात आणा. त्यात कनेक्शनांची नावं, पत्ते, पोर्ट असतात, पासवर्ड नसतात. साठवलेले पासवर्ड वर्कबेंच यूजर डेटा या नावाच्या वेगळ्या डॅट फाइलीत असतात. ती परत आणू नका, पासवर्ड पुन्हा टाका. बाकीच्या फाइलींचा मोह धरू नका. एकेक आणून दोषी शोधायची हौस असेल तर शोधा, पण सबमिशन उद्या असेल तर आज नको.

७. विंडोजचे सुटे भाग

व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल नावाची मायक्रोसॉफ्टची पेटी वर्कबेंचला लागते. तुमच्याकडे ती असतेच, प्रश्न जुनी असण्याचा असतो. नव्या साधनांनी बांधलेला प्रोग्राम आणि जुनी एमएसव्हीसीपी१४० फाइल एकत्र आली की एखादा भाग वापरायची वेळ येईपर्यंत सगळं सुरळीत दिसतं, मग धाडकन पडतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून २०१५ पासूनच्या सामायिक पेटीची नवी ६४-बिट आवृत्ती घ्या, टाका, रीस्टार्ट करा. 'डीएलएल डाउनलोड' म्हणून मिरवणाऱ्या साइटवरून सुटी फाइल आणून सिस्टममध्ये टाकण्याचा उद्योग अजिबात करू नका. त्यातून लॅपटॉपात काय शिरलं ते मला नंतर काढत बसावं लागतं.

ग्राफिक्सचा संशय असेल तर ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून अद्ययावत करा. ते होईपर्यंत वर्कबेंचच्या शॉर्टकटच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टार्गेट'च्या शेवटी, अवतरण चिन्हाच्या बाहेर, एक जागा सोडून दोन डॅश आणि एसडब्ल्यूरेंडरिंग जोडा. मग त्याच्या आकृत्या ग्राफिक्स कार्डाऐवजी सॉफ्टवेअरमधून रेखाटल्या जातात. थोडं संथ वाटेल, चालतं.

८. पासवर्डच्या पद्धतीचं जुनं औषध घेऊ नका

मायएसक्यूएल ८.० मध्ये पासवर्ड तपासण्याची मूळ पद्धत बदलली. नवीचं नाव कॅशिंग शा२ पासवर्ड. जुने क्लायंट तिला अडखळतात आणि २०५९ दाखवतात. जुन्या व्हिडिओंमध्ये यावर एकच औषध सांगतात: यूजर बदलून मायएसक्यूएल नेटिव्ह पासवर्ड करा. ते घेऊ नका. ८.४ मध्ये ती जुनी पद्धत मुळात बंद करून ठेवलेली आहे आणि ९.० पासून काढूनच टाकली आहे. आज केलंत तर सर्व्हर बदलल्या दिवशी रूटलाच आत जाता येणार नाही. क्लायंट नवा घ्या.

९. आणि तरीही पुन्हा इन्स्टॉल करायचंच असेल तर

फक्त वर्कबेंच. सर्व्हर नाही.

ही ओळ मी स्वतःचे हात पोळून लिहितेय. नवी होते तेव्हा असंच वर्कबेंच पडत होतं. कुणीतरी सांगितलं, मायएसक्यूएलचं नावनिशाण काढ आणि पहिल्यापासून टाक. मी सर्व्हर काढला, मग सी ड्राइव्हवरचा लपलेला प्रोग्रामडेटा फोल्डर शोधून त्यातला मायएसक्यूएलचा फोल्डरही उडवला, शिफ्ट धरून. त्याच्याच पोटात डेटा नावाचा फोल्डर असतो. आमच्या गावच्या वाचनालयाची नोंदवही मी संध्याकाळी बसून त्यात उतरवत होते: दाखल क्रमांक, नाव, लेखक, किंमत. अकराशे पुस्तकं झाली होती. वर्कबेंच मात्र त्यानंतरही पडतच राहिलं, कारण ॲपडेटामधल्या सामानाला मी हात लावला नव्हता.

तर आधी बॅकअप. बिन फोल्डरात कमांड प्रॉम्प्ट उघडून: मायएसक्यूएलडम्प, डॅश छोटा यू, रूट, डॅश छोटा पी, दोन डॅश ऑल-डेटाबेसेस, दोन डॅश रिझल्ट-फाइल, बरोबरचं चिन्ह आणि लगेच त्याला चिकटून पेन ड्राइव्हवरच्या फाइलचा पत्ता. बाणाचं चिन्ह लावून फाइलीत सोडण्यापेक्षा हा रिझल्ट-फाइलवाला प्रकार घ्या. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये बाण वापरला तर फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते आणि ती मायएसक्यूएल परत उचलत नाही. बॅकअप आहे या भरवशावर राहिलेल्यांना हे फार उशिरा कळतं. फाइल तयार झाल्यावर तिचा आकार बघा. शून्य केबी असेल तर तो बॅकअप नाही.

मग कंट्रोल पॅनेलमधून नेमकं 'मायएसक्यूएल वर्कबेंच' निवडून काढा. मायएसक्यूएल इन्स्टॉलर उघडून तिथून काढणार असाल तर खुणेच्या चौकोनांकडे डोळे फाडून बघा. शेजारीच सर्व्हरचाही चौकोन असतो. ॲपडेटामधला फोल्डर सहाव्या पायरीप्रमाणे बाजूला केलेला असू द्या. नवी आवृत्ती टाकल्यापासूनच पडायला लागलं असेल, तर मायएसक्यूएलच्या साइटवर डाउनलोडच्या पानावर 'आर्काइव्ह्ज' आहे, तिथून एक पायरी जुनी आवृत्ती घ्या. सर्व्हर ८.४ किंवा ९ च्या मालिकेतला असेल, तर वर्कबेंच ८.० जोडलं जाईल, पण काही भाग चालणार नाहीत हे धरून चला.

१०. लिनक्सवर असाल तर

सामान होम फोल्डरमध्ये, डॉट मायएसक्यूएल या लपलेल्या फोल्डरात, वर्कबेंच नावाखाली असतं. पाचवी आणि सहावी पायरी तशीच लागू. उबुंटूवर स्नॅपमधून टाकलं असेल आणि पासवर्ड साठवायला गेलं की गोंधळ होत असेल, तर स्नॅप ते पॅकेज बंद डब्यात चालवतं आणि पासवर्डच्या तिजोरीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. स्नॅप कनेक्ट ही कमांड वापरून वर्कबेंचला पासवर्ड-मॅनेजर-सर्व्हिस जोडून द्या. वेलँड या खिडक्या दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेवर वर्कबेंचची खिडकी विचित्र वागत असेल, तर लॉग-इनच्या वेळी जुन्या एक्स ऑर्गचं सत्र यादीत आहे का बघा आणि असेल तर ते निवडून बघा. टर्मिनलमधून वर्कबेंच सुरू केलंत तर पडताना काय ओरडलं ते तिथेच दिसतं. एवढ्या बाबतीत लिनक्सवाले सुखी.

११. मदत मागताना

'सर, वर्कबेंच चालत नाही, प्लीज हेल्प' आणि मोबाइलने तिरका काढलेला स्क्रीनचा फोटो, यावर कुणीच काही सांगू शकत नाही. एवढं द्या:

- विंडोजची, सर्व्हरची आणि वर्कबेंचची आवृत्ती, तिन्ही वेगवेगळ्या
- कमांड प्रॉम्प्टमधून कनेक्ट होतं की नाही
- नव्या नावाच्या कनेक्शनवर काय होतं
- लॉगच्या शेवटच्या वीस ओळी, मजकूर म्हणून
- फॉल्ट मॉड्यूलचं नाव
- कागदावर लिहिलेलं: काय काय करून झालं

मायएसक्यूएलच्या अधिकृत बगच्या साइटवर नोंद करायची असेल तर ओरॅकलचं खातं उघडावं लागतं, ते फुकट आहे. तिथेही हेच विचारतात. नोंद करण्याआधी शोधा. तुमचंच दुखणं आधी कुणी मांडलेलं असण्याची बरीच शक्यता असते आणि खाली तोडगाही असतो. लॉग चिकटवण्याआधी त्यातले सर्व्हरचे पत्ते आणि यूजरची नावं खोडा, विशेषतः इंटर्नशिपच्या कंपनीचा सर्व्हर असेल तर.

चालू झाल्यावर दोन कामं लगेच उरका. 'एडिट', 'प्रेफरन्सेस', 'एसक्यूएल एडिटर' इथे जाऊन 'सेव्ह स्नॅपशॉट ऑफ ओपन एडिटर्स ऑन क्लोज' यावरची खूण काढा. क्वेऱ्या यापुढे कंट्रोल-एस दाबून स्वतः सेव्ह करायच्या. मग 'टूल्स', 'कॉन्फिगरेशन', 'बॅकअप कनेक्शन्स' करून ती फाइल त्याच पेन ड्राइव्हवर टाका. आणि लॅबमधला पेन ड्राइव्ह नेला असेल तर परत आणून द्या. यंदाचे दोन अजून यायचे आहेत.